दमयंतीमावशी आणि पाठीतली सुई

मी तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की विनिता सिस्टर स्वतःला फार गोड दाखवते. सत्तावीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली एकवीस पनवेलच्या एकाच रुग्णालयात. त्याचं नाव सांगणार नाही. ट्रस्टचं आहे, जुनं आहे, आणि माझा पगार अजून तिथूनच येतो.

सांगायचंय ते दमयंतीमावशींबद्दल. आमच्या वॉर्डात त्या आया आहेत. चादरी बदलणं, भांडी देणं, फरशी पुसून घेणं, हे त्यांचं कागदावरचं काम. पण बुधवारी आमच्या बाजूच्या खोलीत काय चालतं ते एकदा येऊन बघा, मग कळेल की तिथे डॉक्टर मनस्वींच्या खालोखाल कुणाची गरज असते. माझी नाही. मी हातमोजे आणि सुया पुढे करते, एवढंच.

रक्ताचा कॅन्सर झालेल्या पोरांना सलाइनमधून औषध देतात ते अंगभर फिरतं, पण मेंदूभोवतीच्या आणि मणक्यातल्या पाण्यात नीट पोचत नाही. आणि रोग असा लबाड, की नेमका तिथेच दडून बसतो. म्हणून पाठीत मणक्यांच्या मधून बारीक सुई घालायची, थोडं पाणी तपासायला काढायचं आणि त्याच सुईतून औषध आत सोडायचं. एकदा नव्हे, दोन-अडीच वर्षांत पंधरा-वीस वेळा. पोराला कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी. मावशी सांगतात, "कोलंबी कर बगू!" पाठ अशी गोल झाली की मणक्यांत फट पडते. पोर हललं तर सुई भलतीकडे लागते, रक्त येतं, पाणी नासतं, पुन्हा टोचावं लागतं.

दमयंतीमावशींनी धरलेलं पोर हलत नाही. त्या जोर लावत नाहीत हो. एक हात मानेमागे, एक गुडघ्यांमागे, आणि तोंड पोराच्या कपाळापाशी. काहीतरी पुटपुटत असतात. मला आधी वाटायचं देवाचं नाव घेतात. एकदा विचारलंच, तर म्हणाल्या, "देव कशाला? विचारतंय, काल घरी कसलं कालवन होतं. जवला का मांदेली. पोरं सांगत बसतात, तवर सुई होते."

मावशी आगरी. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात राबलेली. आता त्या मिठागरांवर भराव पडलाय आणि वर चोवीस-चोवीस मजल्यांचे टॉवर आहेत. नवरा भगवान त्यातल्याच एका टॉवरच्या गेटवर वॉचमन आहे. मुलगी दिपिका लग्न होऊन कामोठ्यात, माझ्याच सेक्टरच्या मागे. एकच मूल, असं मी अकरा वर्षं धरून चालले होते. विचारलं कधी नाही. आम्ही सिस्टर लोक आयांना विचारतो ते एवढंच, बेडपॅन दिलं का आणि कुठे होता इतका वेळ.

आता बुधवार कसा सुरू झाला ते सांगते, आणि यात माझी बाजू काही शोभेची नाही.

आधी ही सुई ऑपरेशन थिएटरमध्ये, भूल देऊन व्हायची. थिएटरचं भाडं, भुलीच्या डॉक्टरांची फी, दिवसभराची खाट, असं करत बिल एवढं व्हायचं की बाप माणूस ते वाचून खिडकीबाहेर बघत राहायचा. पोर पहाटेपासून उपाशी. आणि थिएटर एकच! महामार्गावर अपघात झाला, की आमची पोरं मागे. कुणी बाळंतीण अडली, की आमची पोरं मागे. दुपारी दोनला मीच जाऊन सांगायची, "आज होणार नाही, पुढच्या आठवड्यात या." उपाशी पोर रडून रडून निळं पडलेलं असायचं, आणि आई डब्यातला गार भात काढायला लागायची.

डॉक्टर मनस्वी गेल्या वर्षी आल्या. बारीक चणीच्या, बत्तीस-तेहेतिशीच्या, पायात कायम बुटांची नाडी सुटलेली. आल्या आल्या म्हणाल्या, "सिस्टर, याला थिएटर लागत नाही. बाजूची खोली स्वच्छ करून द्या. पाठीला बधीर करायचं मलम तासभर आधी लावू. सगळी पोरं एकाच दिवशी बोलवू, म्हणजे मलमाची एक ट्यूब आणि औषधाची एक बाटली चौघांत पुरेल. भूल नको, उपास नको. फक्त नीट धरणारं माणूस हवं."

मी म्हटलं, झालं! आल्या मोठ्या शहाण्या. उद्या एखादं पोर हललं, पाय लुळा पडला, तर नातेवाईक कुणाची गचांडी धरणार? इन-चार्ज मी. मी सरळ दोन पानी पत्र लिहून वर दिलं. बाजूची खोली या कामाला योग्य नाही, पुरेसा स्टाफ नाही, जबाबदारी निश्चित नाही. अक्षर माझं सुंदर आहे. ते पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर अडीच महिने फिरलं. डॉक्टर मनस्वी रोज विचारायच्या आणि मी रोज म्हणायचे, "वरून आलं नाही अजून."

त्या अडीच महिन्यांत पूर्वी नावाच्या एका पोरीच्या तीन सुया हुकल्या.

पूर्वी सात वर्षांची. उरणकडच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. बाप काशीराम, स्वतःची होडी असलेला. आई बाजारात मासळी घेऊन बसते, म्हणून पोरीला आणायचं काम बापाकडे. आधी टमटम, मग एसटी, मग रिक्षा. पहिल्या वेळी अपघात आला, दुसऱ्या वेळी सिझेरियन, तिसऱ्या वेळी भुलीचे डॉक्टरच आले नाहीत. तिन्ही वेळा मीच सांगितलं. तिसऱ्या वेळी काशीरामने न उघडलेला डबा पिशवीत कोंबला. पोरीला खांद्यावर टाकलं आणि गेला. नंतर सलाइनच्या तारखांना येत राहिला, पण पाठीच्या सुईचं नाव काढलं की म्हणायचा, "रक्ताचा रिपोर्ट चांगला हाय ना? मंग झालं तर."

शेवटी परवानगी आली. डॉक्टर मनस्वी स्वतः झाडू घेऊन खोलीत शिरल्या, तेव्हा कुठे मला लाज वाटली आणि मी पडदे बदलून घेतले. पहिल्या बुधवारी तीन पोरं होती. धरायला मी वॉर्डबॉय प्रणितला उभं केलं, चांगला व्यायामशाळेत जाणारा. त्याने असं दाबलं की पोरगा किंचाळून अर्ध्या खाटेवर आला. डॉक्टरांनी सुई काढून घेतली. कपाळावर घाम. मी मनात म्हटलं, सांगत होते की नाही! तेवढ्यात पोछा भिंतीला टेकवून दमयंतीमावशी आत आल्या. "सरक रे," म्हणाल्या, हात धुऊन आल्या, पोराशेजारी वाकल्या. पाचव्या मिनिटाला सुई झाली. तिन्ही पोरं साडेअकराला जेवत होती.

मलमावर लावायची महागडी पट्टीसुद्धा मावशींनीच बंद केली. दिपिकाकडून स्वयंपाकघरातली ती पारदर्शक फिल्म आणली, पोळ्या गुंडाळतात ना, ती. मलमावर तीच लावायची. डॉक्टर म्हणाल्या, चालतंय, उलट छान बसतंय. पहिले काही बुधवार लोक सवयीने पोरांना उपाशीच आणायचे, तर मावशी दारातच डबा उघडायला लावायच्या. ओरडायच्या, "अगो बाय, खायला घाल त्याला! उपाशी पोराला धरवत नाय मना."

आता त्या बुधवाराबद्दल. चौथा होता.

काशीराम पूर्वीला घेऊन सलाइनसाठी आला होता. डॉक्टर मनस्वींनी त्याला बसवून सगळं समजावलं. तीन सुया चुकल्यात, रोग डोक्यात गेला तर अवघड होईल, आजच करू, बिल अगदी थोडं, भूल नाही. तो मान हलवत होता. मला वाटलं तयार झाला. डॉक्टर आत गेल्या आणि हा माझ्या टेबलापाशी आला.

"सिस्टर, सुई नको. पाठीतला पानी काढला का पोर लंगडी होते. आमच्या आळीत सगल्यांना ठावं हाय. पोरीची जात हाय, तिला उद्या कोन करील?"

एव्हाना साडेदहा झाले होते, आत दोन पोरं मलम लावून तयार, मलमाचा वेळ चाललेला. माझं डोकं फिरलं. असल्या वेळी मी काय करते ते मला झोपेतही करता येईल. ड्रॉवर उघडते, छापील कागद काढते. धोके समजावून सांगितले आहेत, तरी आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर उपचार नाकारत आहोत, सही अथवा अंगठा. मी कागद त्याच्यापुढे सरकवला, वर पेन ठेवलं आणि म्हटलं, "नको ना? मग इथे सही करा आणि मोकळे व्हा. मला इतर पोरं बघायची आहेत."

त्याने पेन उचललं.

आणि टेबलावरून तो कागद गेला. दमयंतीमावशींच्या ओल्या हाताने उचलला होता. चुरगळला, आणि स्वतःच्या कमरेला खोचला. अकरा वर्षांत या बाईने माझ्यापुढे आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "असाच कागद तुमी मना दिलेला. याच टेबलावर. पेन पन असंच वर ठेवलेलं."

मला काही कळेचना. म्हटलं, "मावशी, काय बोलताय?"

"माझा कल्पेश. नव वर्सांचा होता. चौदा वर्सं झाली. पाठीत सुई मारायची बोलले डॉक्टर. आमची मिठागराची माणसं. वाफ्यातला पानी उपसला का वाफा सुकतो, खाली मीठ उरतं, आमाला तेवरंच ठावं. सासरा बोलला, पाठीतला पानी काढला तर पोराचं हाड सुकंल. मी तुमच्या टेबलावर आलो विचारायला, का बाय, असं होतं का? तुमी बोललाव, नको असंल तर सही करा. मी अंगठा दिला."

मग त्या काशीरामकडे वळल्या. "दादा, रक्ताचा रिपोर्ट त्याचा पन चांगला होता. सा महिन्यांनी डोकं दुखाया लागलं. मंग वकाऱ्या. मंग एक डोला तिरका झाला. मंग दिसायचं बंद झालं. मना हाताने चाचपून बोलायचा, आये, लाइट लाव. दिवसा. भर दुपारी बोलायचा."

काशीराम उभा होता तो खाली बसला, बाकावर नाही, जमिनीवरच.

"लंगडा नाय झाला," मावशी म्हणाल्या. "मेला तवा दोनी पाय धड होते."

मी तिथे बसले होते, आणि मला काय होत होतं ते सांगते. मी आठवत होते. जीव तोडून आठवत होते. कल्पेश. नऊ वर्षांचा. चौदा वर्षांपूर्वी. हिचा चेहरा, तरुण, टेबलापलीकडे. आणि मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. असे कागद मी किती दिले असतील? पन्नास? दोनशे? एक तरी चेहरा आठवावा ना! नाही आठवला. कुणी माझ्या थोबाडीत मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मावशी काशीरामशेजारी उकिडव्या बसल्या. "हितं ये, बग खोलीत. बाहेर नको राहू. पानी मोज. वीस-तीस थेंब काढतात, आनि जेवरं काढतात साधारन तेवरंच औषद घालतात. वाफा सुका नाय ठेवत. मना पन हे आता बुधवारी धरताना कललं. चौदा वर्सांपूर्वी कोनी दाखवला असता, तर मी पन बगितला असता."

काशीराम आत आला. पूर्वीला आम्ही मलम लावलं, तासभर थांबलो. मग मावशींनी तिला कुशीवर घेतलं. पूर्वी म्हणाली, "मावशी, दुखंल?" मावशी म्हणाल्या, "थोरं. खोटं नाय बोलत. काल काय कालवन होतं?" पूर्वी म्हणाली, "बोंबील." "सुके का ओले?" "ओले. आयनं तलले." डॉक्टरांनी सुई घातली. पहिल्याच खेपेला पाणी आलं, अगदी स्वच्छ, नितळ. काशीराम तोंडातल्या तोंडात थेंब मोजत होता. सव्वीस झाले. मग औषध आत गेलं. पूर्वीने पाय हलवून दाखवले, तेव्हा तो तोंड भिंतीकडे करून रडला.

माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, सुटलो.

दुपारी मावशी चादरींचा गठ्ठा बांधत होत्या तिथे मी गेले. मला माफी मागायची सवय नाही. म्हटलं, "मावशी, अकरा वर्षं माझ्यासोबत काम केलंत. एकदाही बोलला नाहीत?"

त्यांनी गाठ मारली. "कामाला लागलो तवा पयलं वरीसभर रोज वाटायचं, आज सिस्टरना आठवंल. आज तोंड बगून वलखतील. मंग कललं, तुमाला नाय आठवायचं. मंग सोडून दिलं." आणि गठ्ठा डोक्यावर घेऊन गेल्या. त्यात राग असता तर मला झेपला असता.

शुक्रवारी लॅबचा रिपोर्ट आला. डॉक्टर मनस्वींनी तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे सरकवला. पाणी डोळ्यांना नितळ दिसलं होतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यात रोगाच्या पेशी होत्या. थोड्या, पण होत्या. डॉक्टर म्हणाल्या, "अजून लवकर सापडलंय. आता आठवड्यातून दोनदा सुई, पाणी साफ होईपर्यंत. मग पुढचं मोठं औषध. थिएटरमध्ये हे कुणाला परवडलं असतं? बाजूच्या खोलीत जमेल." आणि मग हळूच, "काशीरामना कोण सांगेल?"

"मी सांगते," मी म्हटलं.

तो दुपारी आला. मी टेबलामागून उठले आणि बाकावर त्याच्या शेजारी जाऊन बसले. सत्तावीस वर्षांत हे मी पहिल्यांदा केलं असेल. त्याला सगळं सांगितलं. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

मग म्हणाला, "सिस्टर, एक विचारतो. त्या तीन बारीला सुई झाली असती, तर हे आलं असतं?"

ठराविक उत्तर माझ्या जिभेवर होतं. असं सांगता येत नाही, रोगाचं काही खरं नसतं, प्रत्येक पेशंट वेगळा. खोटं नव्हतं ते. डॉक्टरांनीही कदाचित तेच सांगितलं असतं. पण मला माहीत होतं की ते मी माझ्यासाठी बोलणार होते.

"कदाचित नसतं आलं," मी म्हटलं. "खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही, पण कदाचित नसतं आलं. आणि दुसरं ऐका. ही खोली अडीच महिने आधी सुरू झाली असती. डॉक्टरांनी तेव्हाच मागितली होती. मी पत्र लिहून अडवली. माझ्यावर काही येऊ नये म्हणून."

तो माझ्याकडे वळला. मला वाटलं हात उगारेल. उगारला असता तर मी हलले नसते. पण त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली.

"आनि परवा मी सही केली असती," तो म्हणाला, "तर तुमी सगल्यांना सांगितलं असतं, बाप अडानी होता."

"हो," मी म्हटलं. "सांगितलं असतं."

आतून पूर्वीचा आवाज आला, पाणी मागत होती. तो उठला, दारापर्यंत गेला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पुढची सुई कवा?"

"उद्या. शनिवारी."

"किती वाजता आनू?"

"आठला," मी म्हटलं. "जेवू घालून आणा."